नोटीसरावांच्या तेवीस पाट्या

चष्म्याच्या त्या दुकानात पाऊल टाकलं, की माणसावर आधी पाटी चालून यायची आणि मग मालक.

पाट्या होत्या तेवीस. "फ्रेमला हात लावू नये." "दारात उभे राहू नये." "विनाकारण बसू नये." ही बसण्याची पाटी तर मासलेवाईकच, कारण दुकानात बसायला खुर्चीच नव्हती. होत्या त्या दोन मालकांनी माळ्यावर चढवल्या होत्या. पाटी मात्र ठेवली, न जाणो एखादं गिऱ्हाईक घरून खुर्ची घेऊन यायचं! आणखी एक होती, "चौकशीची वेळ दुपारी ३ ते ३॥", आणि तिला खेटूनच दुसरी, "दुकान दुपारी १ ते ४ बंद राहील." या दोघी जावा-जावांसारख्या एका भिंतीवर दहा वर्षं नांदत होत्या, आणि त्यांनी एकमेकींचा गळा धरलाय हे मालकांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

पाट्या मालक स्वतः रंगवायचे. पेंटरला कशाला द्या, आपला हात काय वाईट आहे, असा त्यांचा समज. हात वाईट नव्हताच, फक्त त्याला पुढचं दिसायचं नाही. पहिलं अक्षर दणक्यात टरबुजाएवढं काढायचं, दुसरं आंब्याएवढं, आणि फळी संपत आली की उरलेलं वाक्य कोपऱ्यात कोंबायचं. पाटीची सुरुवात रस्त्यावरून दिसायची आणि शेवट मोहरीच्या दाण्यांत व्हायचा. पुढची पाटी तरी मोजून काढावी? छे. दर वेळी तेच टरबूज आणि तीच मोहरी.

सगळी गल्ली त्यांना तोंडावर मालक म्हणायची आणि वळली की नोटीसराव.

आणि या नोटीसरावांच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, सत्तावीस वर्षं चष्म्याच्या काचा घासत बसले होते ते मामा. ते नक्की कुणाचे मामा, हे आता कुणाला आठवत नव्हतं. छपन्न वर्षांचे, अंगाने किरकोळ, कानामागे पेन्सिल आणि वरच्या खिशात स्वतःचा बोटभर पेचकस. काच हातात घेऊन नुसती उजेडाकडे धरली, की पापणीच्या केसाइतका फरक त्यांना कळायचा. त्यासाठी उजेड हवा, आणि तसा सावकाश, न टोचणारा उजेड त्या खिडकीतून दिवसभर यायचा. मामांना आयुष्यात फारसं काही नको होतं. ही खिडकी मात्र हवी होती. ती सुटली, तर या वयात आपल्याला दुसरी खिडकी कोण देणार, या एका भीतीने मामा तोंड मिटून बसले होते.

तोंड कुठे मिटलेलं असायचं, तर दुकानात. घरी आल्यावर चपला काढायच्या आतच ते उघडायचं.

"आज काय?" मामी विचारायच्या. त्यांचा करमणुकीचा कार्यक्रम होता तो.

"आज आरशाला साखळी लावली."

"अगंबाई, चावतो की काय तो?"

"चेहरा बघत बसतात म्हणे लोक. एवढासा, तळहाताएवढा आरसा ठेवलाय, टेबलाला बांधून. एक बाई वाकून वाकून बघत होत्या, फ्रेम शोभते का. तर हा म्हणतो, शोभते की नाही ते घरी जाऊन नवऱ्याला विचारा, इथे वेळ घालवू नका."

"मग?"

"मग काय, गेल्या घरी. नवऱ्याने काय सांगितलं कोण जाणे, परत काही आल्या नाहीत."

"अहो, मग तुम्ही तरी कशाला जाता रोज?"

यावर मामा हातपाय धुवायला उठायचे. मामींनाही उत्तर ठाऊक होतं. मग त्या उठून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या लाकडा-लोखंडाच्या एका जुन्या धुडावर फडकं मारायच्या. ते धूड म्हणजे पायाने फिरवायचं काच घासायचं चाक. दुकानात विजेचं यंत्र आलं तेव्हा नोटीसराव म्हणाले होते, "मामा, ही अडगळ घरी न्या, नाहीतर भंगारात घाला." मामांनी हातगाडी करून ते घरी आणलं, आणि मामींनी त्याच्यावर फुलझाडांच्या तीन कुंड्या मांडल्या. "सवत आणलीत ती आणलीत," त्या म्हणाल्या होत्या, "निदान डोक्यावर फुलं तरी माळू दे तिला."

हे दुकान असं जन्मापासून नव्हतं. नोटीसरावांचे वडील, म्हणजे थोरले मालक, हे वेगळंच प्रकरण होतं. त्यांच्या काळात भिंतीवर एक घड्याळ आणि एक कॅलेंडर, बाकी पाटी नावाला नाही. त्यांची एकच रीत होती. चष्मा तयार झाला, की तो डबीत घालून द्यायचा नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर स्वतःच्या हाताने ठेवायचा, कोपराला धरून त्याला दाराशी न्यायचं आणि विचारायचं, "समोर काय लिहिलंय?"

समोर रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान होतं. त्याची पाटी वरच्या ओळीत मोठी आणि खालच्या ओळीत बारीक. गिऱ्हाइकाने वाचायचं, "सर्व प्रकारचे कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील." थोरले मालक म्हणायचे, "आणि खाली?" मग गिऱ्हाईक मान पुढे काढून वाचायचं, "काजे-बटणे त्वरित." हे वाचलं की चष्मा पास. अडखळलं, तर काच पुन्हा मामांच्या टेबलावर. एकदा एक सैन्यातला गडी दोनदा अडखळला, तेव्हा थोरल्या मालकांनी त्याला दिवसभर बसवून घेतलं, स्वतःच्या डब्यातलं जेवायला घातलं आणि संध्याकाळी पास करूनच सोडला. पुढे त्या एका माणसाने किती चष्मे त्या दुकानात पाठवले याला गणती नाही.

हे जग सोडून जाताना थोरले मालक मामांना म्हणाले होते, "उंबऱ्याबाहेर आंधळं कुणाला सोडू नका." मामांनी मान हलवली होती. ती मान त्यांना आजतागायत जड वाटत होती.

कारण चिरंजीवांनी पहिल्याच महिन्यात ती रीत बंद केली. "त्यात वेळ जातो," ते म्हणाले, "आणि लोक उगाच तक्रारी काढतात." लोकांना दिसतंय की नाही हे विचारलं, तर लोक दिसत नाही म्हणून सांगतात, तेव्हा विचारूच नये, असा हा व्यवहारी शोध. त्याच आठवड्यात पाटी आली, "चष्मा एकदा नेल्यावर दिसण्याबद्दल तक्रार चालणार नाही."

मग गिऱ्हाईक कसं गळत गेलं ते मामांनी मागच्या खोलीतून पाहिलं. एक कारकून चष्म्याचा एक स्क्रू मागायला आला. स्क्रू तो केवढा, तांदळाच्या कणीएवढा. नोटीसराव म्हणाले, "सुटा स्क्रू मिळत नाही. नवा चष्मा घ्या." कारकुनाने दांडी लाल दोऱ्याने बांधली आणि पुढची दोन वर्षं तो रोज ऑफिसला जाता-येता दुकानासमोर थांबून, मान वळवून, तो लाल दोरा दाखवून पुढे जायचा. त्याच्या ऑफिसातल्या चाळीस माणसांनी तो दोरा पाहिला आणि चाळीसच्या चाळीस जण चष्म्याला दुसऱ्या गल्लीत गेले. कणीएवढ्या स्क्रूने एवढं मोठं काम केल्याचं दुसरं उदाहरण सापडायचं नाही.

नोटीसरावांचं निदान मात्र ठरलेलं होतं. "लोक पाट्या वाचत नाहीत," ते म्हणायचे. "वाचल्या असत्या तर ही वेळ आली नसती." आणि चोविसावी रंगवायला फळी शोधायचे.

आता गंमत बघा. दुकान चष्म्याचं. येणारा माणूस येतोच मुळी दिसत नाही म्हणून. त्यातल्या निम्म्यांचा चष्मा दुरुस्तीला आत मामांच्या टेबलावर पडलेला. असा माणूस डोळे बारीक करून काउंटर चाचपत उभा असताना त्याला दरडावून विचारायचं, "वर पाटी लावलीय ती दिसत नाही का?" जगात एवढा थोर प्रश्न विचारणारा मनुष्य एकच असेल, आणि तो मामांच्या नशिबी आला होता.

मग एक दिवस उजाडला तो असा. दुपारचा पाऊण वाजला होता. दुकानात शिरली शहर-बस चालवणारी बाई. खाकी शर्ट, दंडावर बिल्ला, आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला उतारू जागा व्हावा. तिचा चष्मा बसच्या चाकाखाली गेला होता आणि चार दिवस ती रजेवर होती. नवा चष्मा मामांनी आदल्या संध्याकाळीच करून ठेवला होता. पैसे तिने आधीच भरले होते, त्याची चिठ्ठीही घेतली होती. आता फक्त चष्मा उचलायचा आणि अडीच वाजता डेपोच्या डॉक्टरसमोर डोळे तपासून घ्यायचे. पास झाली तर स्टिअरिंग, नाहीतर तिकिटांच्या खिडकीत कायमची रवानगी.

"चिठ्ठी," नोटीसराव म्हणाले.

"चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती, मालक. शर्टाबरोबर धुतली गेली. लगदा झालाय, दाखवू का?"

"चिठ्ठीशिवाय चष्मा मिळत नाही. पाटी आहे."

"कुठाय पाटी?"

"ती काय, समोर. दिसत नाही?"

"अहो, दिसलं असतं तर इथे कशाला आले असते? ती पाटी वाचायचा चष्मा तुमच्याकडेच आहे ना! द्या, लगेच वाचून दाखवते."

आतल्या खोलीत मामांनी यंत्र बंद केलं. चष्मा त्यांच्या पुढ्यातच होता, डबीसकट.

"हे बघा," नोटीसराव म्हणाले, "चिठ्ठी हरवली असेल तर रीतसर अर्ज करा."

"करते. द्या कागद."

"अर्ज चौकशीच्या वेळेत घेतले जातात."

"ती कधी?"

"तीन ते साडेतीन."

"माझी तपासणी अडीचला आहे हो. बरं, समजा तीनला आले. दुकान उघडं असेल?"

"नाही. एक ते चार बंद."

बस चालवताना रस्त्यात म्हैस आडवी बसली असेल तर माणूस जसा बघेल, तसं तिने त्यांच्याकडे बघितलं, दिसत नव्हतं तरी. मग म्हणाली, "मालक, तुमच्या वहीत माझं नाव आहे, पैसे भरल्याचा शिक्का आहे, तुमच्यासमोर मी धडधाकट उभी आहे. आणखी काय पाहिजे?"

"चिठ्ठी," नोटीसराव म्हणाले आणि कुलूप शोधायला लागले. एक वाजत आला होता.

मामा आपल्या स्टुलावर बसले होते. खिडकीतून उजेड नेहमीसारखा त्यांच्या हातांवर पडला होता. एवढ्या वर्षांत त्यांनी असे शंभर प्रसंग ऐकले होते, आणि दर वेळी काच जास्तच जोरात घासली होती, म्हणजे ऐकू येऊ नये. आज घासायला काही नव्हतं. काम संपलेलं, चष्मा तयार, आणि चष्म्याची मालकीण आंधळी उंबऱ्याबाहेर निघालेली. मामांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग डबी उचलली आणि बाहेर आले.

"बाई, इकडे बघा," ते म्हणाले. त्यांनी चष्मा तिच्या नाकावर ठेवला, दांड्या कानांमागे सारल्या, कोपराला धरून तिला दाराशी नेलं. "समोर काय लिहिलंय?"

"सर्व प्रकारचे कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील," बाईने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं.

"आणि खाली?"

"काजे-बटणे... त्वरित. मामा, उजवी दांडी कानामागे टोचतेय हो."

मामांनी खिशातला पेचकस काढला, दांडी अर्धा फेरा सैल केली, थोडी वाकवली, पुन्हा बसवली. हे सगळं उंबऱ्यात उभं राहून, "दारात उभे राहू नये" या पाटीच्या अगदी खाली.

"मामा!" मागून आवाज आला. "चिठ्ठी कुठाय?"

"चेहरा आहे की," मामा म्हणाले. "मी काच चेहऱ्यासाठी घासतो, चिठ्ठीसाठी नाही."

"नियम म्हणजे नियम. तो चष्मा खाली ठेवा, नाहीतर तुम्हीही त्याच्याबरोबर बाहेर व्हा."

नोटीसरावांना वाटलं, मामा आता मान खाली घालतील. इतकी वर्षं घातलीच होती. पण मामांनी पेचकस खिशात ठेवला, आत जाऊन खुंटीवरची पिशवी घेतली, आणि जाता जाता भिंतीकडे बघून म्हणाले, "एवढ्या पाट्या लावल्यात मालक, एक राहिलीच. गिऱ्हाइकाने येऊ नये. ती एक लावली असती, तर बाकीच्यांचा रंग वाचला असता."

बाई खो-खो हसली. मग घड्याळ बघून डेपोच्या दिशेने पळाली.

घरी आल्यावर मात्र मामा पिशवी मांडीवर घेऊन खाली बसले. खिडकी गेली. त्यांनी सगळी हकीकत मामींना सांगितली, या वेळी न रंगवता. मामींनी ऐकून घेतलं, उठल्या, आणि चाकावरच्या तीन कुंड्या एकेक करून खाली उतरवल्या.

"हे काय करतेस?"

"सवतीला बघते, चालते का अजून." आणि त्यांनी पायाने दांडा दाबला. चाक कुरकुरलं, पण फिरलं. "तेल मागतेय. तुम्हीही मागा काहीतरी कुणाकडे. तोंड आहे ना? आज दुकानात उघडलंत म्हणे."

मामांनी तीन दुकानांत विचारलं. तिथे सगळं तयार यंत्रावर. एका पोरगेल्या मॅनेजरने त्यांना, "काका, हाताने पण घासतात?" असं कौतुकाने विचारलं आणि पाणी दिलं. मामा पाणी पिऊन आले. चौथ्या दिवशी दार वाजलं. बाहेर दुकानासमोरचा शिंपी उभा, गळ्यात टेप तसाच.

"माझ्या दुकानाची अर्धी खिडकी घे," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"उपकार नकोत रे."

"उपकार कसले? माझं नुकसान भरून दे. तुझे थोरले मालक होते तेव्हा दिवसाला पंधरा माणसं माझी पाटी मोठ्याने वाचायची. वाचलं की माणसाला आपलं तुटलेलं बटण आठवतं. रस्ता ओलांडून यायचेच. या नोटीसरावाने वाचन बंद केलं आणि माझी बटणं बसली. त्या दिवशी ती बाई ओरडून वाचत होती ना, ऐकून दोघे जण आत आले! मला वाचणारे पाहिजेत, तुला उजेड पाहिजे. आता चहा कर म्हणावं वहिनींना."

झालं. जुनं चाक पुन्हा हातगाडीवर चढलं, आणि शिंप्याच्या खिडकीत मामा बसले. उजेड इथे सकाळचा थोडा टोचायचा, म्हणून शिंप्याने अस्तराच्या कापडाचा पडदा शिवून दिला. दोन खुर्च्या मांडल्या. पुरुषभर उंचीचा आरसा तर शिंप्याकडे होताच.

पहिल्या आठवड्यात आली ती ड्रायव्हरबाई, पास झालेली, आणि तिच्यामागे डेपोतली अख्खी पलटण. ड्रायव्हर, कंडक्टर, तिकिटांच्या खिडकीतले दोघे, आणि ज्याने तिचे डोळे तपासले तो डॉक्टरसुद्धा. महिन्याभरात तो लाल दोरेवाला कारकून आला. मामांनी न विचारता स्क्रू बसवला. कारकून म्हणाला, "दोरा मात्र परत द्या, आठवण म्हणून ठेवतो." कुणी बाई आरशासमोर अर्धा तास उभी राहिली, तर शिंपी आणि मामा दोघे मिळून मतं द्यायचे आणि हमखास भांडायचे.

अडचण एकच आली. थोरल्या मालकांची रीत पाळायची, तर गिऱ्हाइकाला दाराशी नेऊन विचारायचं, "समोर काय लिहिलंय?" पण आता शिंप्याची पाटी मामांच्या डोक्यावर. समोर होतं ते नोटीसरावांचं दुकान.

आणि समोर काय नव्हतं! मामा गेल्यावर नोटीसरावांनी ठरवलं होतं, की आतल्या पाट्या लोक वाचत नाहीत, तेव्हा आता बाहेर लावू. सगळी दर्शनी भिंत त्यांनी रंगवली होती. वर टरबुजाएवढं "चिठ्ठीशिवाय", मग आंब्याएवढं "चष्मा कोणत्याही", मग बोराएवढं "सबबीवर दिला जाणार", आणि शटरच्या कडेला मोहरीसारखं "नाही". त्याखाली दुसरी, त्याखाली तिसरी, सगळ्या तशाच, वरून खाली उतरत जाणाऱ्या. मामा पहिल्यांदा दारात उभे राहिले तेव्हा बघतच राहिले. डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीला टांगतात तो तक्ता विकत घ्यायला ते निघाले होते. त्याची आता गरज उरली नव्हती. तेवढ्याच नेमाने लहान होत जाणारी अक्षरं, बरोबर रस्त्याच्या अंतरावर, तीही फुकट, मालकाने स्वतःच्या हाताने काढून दिलेली.

तेव्हापासून दिवसभर शिंप्याच्या दारात माणसं उभी राहून मोठमोठ्याने वाचू लागली. "विनाकारण बसू नये!" "छान. खाली?" "चौकशीची वेळ तीन ते... साडेतीन!" "पास." वाचता वाचता माणसं हसायची, हसता हसता आत येऊन काज-बटणाचं विचारायची.

आणि पलीकडे नोटीसराव? ते रिकाम्या दुकानाच्या दारात, पाठीमागे हात बांधून, डोलत उभे असायचे. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांच्या पाट्या वाचत होते. शब्द न् शब्द, तोही मोठ्याने, रांग लावून! "शिस्त लागतेय हळूहळू," ते शेजारच्या दुकानदाराला म्हणाले. त्याने घरी जाऊन बायकोला सांगेपर्यंत हसू कसंबसं दाबून धरलं.

परवा ड्रायव्हरबाई चष्म्याच्या दांड्या घट्ट करायला आली, तेव्हा नोटीसराव शिडीवर चढून आणखी एक पाटी रंगवत होते. टरबूज झालं होतं, आंबा झाला होता, आणि फळी नेहमीप्रमाणे संपत आली होती.

"मामा, सांगून टाकू का त्यांना?" बाईने विचारलं. "दया येते हो."

"मला नाही येत," मामा म्हणाले. "गप बस. शेवटची ओळ बारीक काढू दे त्याला. घड्याळजी यायचाय उद्या, त्याच्यासाठी मोहरीपेक्षा लहान अक्षर हवंच होतं मला."